पेशींचा पापुद्रा अखंड कसा सुटला: तापमान ओळखणाऱ्या पॉलिमरचे एक प्रकरण

पेशीसंवर्धन चालणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत एक काम जवळपास रोज होते आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही: प्लॅस्टिकच्या बशीच्या तळाला चिकटून वाढलेल्या पेशी तिथून सोडवणे. पद्धत ठरलेली आहे. पोषक द्रव काढून टाकायचा, बशी धुऊन घ्यायची, ट्रिप्सिन घालायचे आणि काही मिनिटे थांबायचे. ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर. त्याच्या जोडीला ईडीटीए असते, ते कॅल्शियम बांधून टाकते. पेशींना एकमेकींशी जोडणारी कॅडहेरिन नावाची प्रथिने कॅल्शियमशिवाय तग धरत नाहीत, आणि पेशींना तळाशी धरून ठेवणारे फायब्रोनेक्टिनसारखे दुवे ट्रिप्सिन कापून काढते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर इतका वेळ पसरून बसलेल्या पेशी हळूहळू अंग आखडून गोल होतात आणि एकेकट्या तरंगू लागतात. पेशी मोजायच्या, वाटून घ्यायच्या आणि दुसऱ्या बशीत पेरायच्या असतील तर याहून सोयीचे काही नाही.

अडचण येते ती ऊती हवी असते तेव्हा. बशीच्या तळावर पेशींची दाटी झाली की त्या नुसत्या शेजारी बसलेल्या नसतात. त्यांनी आपापसात सांधे तयार केलेले असतात, खाली स्वतःच स्रवलेल्या प्रथिनांची गादी घातलेली असते, हृदयाच्या पेशी असतील तर त्या एका ठेक्यात आकुंचन पावत असतात. ट्रिप्सिन घातले की ही सगळी बांधणी पाच-दहा मिनिटांत संपते. मग त्या सुट्या पेशी सुईने शरीरात टोचायच्या. त्यातल्या बऱ्याच पेशी टोचल्या जागी टिकतच नाहीत, काही वाहून जातात, काही मरतात. दुसरा मार्ग होता विरघळणाऱ्या पॉलिमरच्या, म्हणजे लहान रेणू कड्यांसारखे जोडून झालेल्या लांब साखळ्यांच्या पदार्थाच्या, सच्छिद्र सांगाड्यात पेशी भरण्याचा. त्यात सांगाडा विरघळल्यावर उरलेली जागा पेशींऐवजी व्रणाच्या तंतूंनी भरते, आणि हृदयासारख्या पेशींची दाटी असलेल्या अवयवाला ते मानवत नाही. त्वचेपुरता एक तिसरा मार्ग सापडला होता. हॉवर्ड ग्रीन यांच्या गटाने १९७९ मध्ये त्वचेच्या पेशींचे थर डिस्पेज नावाच्या तुलनेने सौम्य विकराने अखंड सोडवून दाखवले. पण त्वचेच्या पेशी मुळातच चिवट. तीच वागणूक नाजूक पेशींना दिली तर त्या विस्कटतात.

म्हणजे प्रश्न असा होता: पेशींना हात न लावता त्यांच्या पायाखालची जमीनच बदलता येईल का? टोकियो महिला वैद्यकीय विद्यापीठातल्या तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९० मध्ये या प्रश्नाला दिलेले उत्तर हे या लेखाचे प्रकरण. ते निवडण्याचे कारण असे की ‘स्मार्ट मटेरियल’, म्हणजे परिस्थिती बदलली की आपोआप प्रतिसाद देणारा पदार्थ, या नावाखाली जे सांगितले जाते ते आणि प्रत्यक्षात जे घडते ते, यांतले अंतर इथे फार स्वच्छ दिसते.

पदार्थ आधीपासून होता

पॉलिमरचे पूर्ण नाव पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड. बोलताना सगळे त्याला पीनिपॅम म्हणतात, इथेही तेच चालवू. बहुतेक पदार्थ पाणी तापवले की जास्त विरघळतात. पीनिपॅमचे उलटे. थंड पाण्यात तो छान विरघळतो आणि द्रावण तापवत नेले की साधारण ३२ अंश सेल्सियसला ते एकदम दुधाळ होते. थंड केले की पुन्हा निवळ. हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये या वागण्याची नीट नोंद केली होती.

कारण साखळीच्या रचनेतच आहे. प्रत्येक कडीवर एक अमाइड गट असतो, त्याची पाण्याशी हायड्रोजन बंधांतून चांगली गट्टी जमते. त्याला लागूनच आयसोप्रोपिल गट असतो, तो पाण्याशी फटकून वागणारा. या फटकून वागणाऱ्या गटाभोवती पाण्याच्या रेणूंना शिस्तीत, एका विशिष्ट मांडणीत उभे राहावे लागते. या शिस्तीची किंमत एन्ट्रॉपीत, म्हणजे रेणूंच्या अस्ताव्यस्त राहण्याच्या मोकळिकीत, मोजावी लागते, आणि ती किंमत तापमानाबरोबर वाढत जाते. कमी तापमानाला हायड्रोजन बंधांतून होणारा फायदा मोठा असतो, साखळी पाण्यात सैल पसरून राहते. ३२ अंशांच्या आसपास पारडे फिरते, पाण्याचे रेणू मोकळे होतात आणि साखळी स्वतःभोवतीच गुंडाळून घेते.

हे तापमान महत्त्वाचे ठरले ते निव्वळ योगायोगाने. सस्तन प्राण्यांच्या पेशी ३७ अंशांना वाढवतात. खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास. पीनिपॅमची उलटापालट या दोहोंच्या बरोबर मध्ये येते, आणि तास-दीड तास २० अंशांना ठेवल्याने पेशींचे काही बिघडत नाही. हेच तापमान ६० अंश असते तर पीनिपॅम रसायनशास्त्राच्या पुस्तकातली एक गंमत म्हणून उरला असता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तोयोइची तानाका यांनी अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जेल (पॉलिमरच्या साखळ्यांचे पाणी धरून ठेवणारे जाळे) अचानक आकुंचन पावतात हे दाखवले, आणि नंतर पीनिपॅमच्या जेलांवर संशोधनाची लाटच आली. आपोआप उघडणाऱ्या झडपा, कृत्रिम स्नायू, हवे तेव्हा औषध सोडणाऱ्या गोळ्या, सगळ्यांची स्वप्ने रंगवून झाली. त्यांतली बरीचशी स्वप्ने एका साध्या गोष्टीपाशी अडली: जाड जेलमधून पाणी आत-बाहेर व्हायला वेळ लागतो. जाडी दुप्पट केली की वेळ साधारण चौपट होतो. ओकानो यांच्या गटाने जेलचा ठोकळा न घेता पृष्ठभाग घेतला, ही त्यांची पहिली चांगली निवड.

थर किती जाड असावा

कल्पना सांगायला सोपी आहे. बशीच्या तळावर पीनिपॅमचा थर द्यायचा. ३७ अंशांना साखळ्या आखडलेल्या, पृष्ठभाग काहीसा कोरडा, म्हणजे पाण्याला दूर ठेवणारा. पोषक द्रवातली प्रथिने त्यावर बसतील आणि पेशी त्या प्रथिनांना धरून पसरतील. तापमान २० अंशांवर आणले की साखळ्या पाणी पिऊन फुगतील, पेशींची पकड सुटेल.

थर नुसता फासून चालत नाही. फासलेला पीनिपॅम थंड झाल्यावर विरघळतो आणि पेशींबरोबर निघून येतो. तो शरीरात जाणार असेल तर मोठीच आफत. म्हणून साखळ्या पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे बशीच्या प्लॅस्टिकच्या, तळाशी रासायनिक बंधाने पक्क्या रोवाव्या लागतात. गटाने मोनोमरचे, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्यांचे, द्रावण बशीत पसरले आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकला. झोतामुळे एकाच वेळी दोन गोष्टी होतात: मोनोमर जोडले जाऊन साखळ्या तयार होतात, आणि त्यातल्या काही तळाच्या प्लॅस्टिकलाच जोडल्या जातात. उरलेले सुटे पॉलिमर आणि न जोडलेले मोनोमर थंड पाण्याने धुऊन काढायचे. हे धुणे कंटाळवाणे आहे आणि त्यात कसूर चालत नाही, कारण ॲक्रिलामाइड कुळातले मोनोमर पेशींना विषारी असतात.

आता खरी गोम. अशाच पद्धतीने बनवलेल्या दोन बशा घ्या. एकीवर पीनिपॅमचे प्रमाण दर चौरस सेंटिमीटरला १.४ मायक्रोग्रॅम, थराची जाडी सुमारे १५ नॅनोमीटर. दुसरीवर २.९ मायक्रोग्रॅम, जाडी सुमारे २९ नॅनोमीटर. पॉलिमर तोच, तळ तोच, तापमान तेच. पहिल्या बशीत ३७ अंशांना पेशी चिकटतात, पसरतात आणि थंड केल्यावर सुटतात. दुसऱ्या बशीत पेशी चिकटतच नाहीत, ३७ अंशांनाही नाही. गटाने २००४ मध्ये ही मोजमापे प्रसिद्ध केली तेव्हा निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पीनिपॅमच्या पृष्ठभागांचे निष्कर्ष एकमेकांशी का जुळत नाहीत, याचा बराच उलगडा झाला.

पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, मोजला तर यामागचे कारण दिसू लागते; कोन जितका मोठा तितका पृष्ठभाग कोरडा. पातळ थरावर हा कोन ३७ अंश सेल्सियसला सुमारे ७८ अंश येतो आणि २० ला सुमारे ६५. जाड थरावर तो ३७ ला सुमारे ७० आणि २० ला ६०. दोन्ही थर तापमानाला प्रतिसाद देतात, बदलाचा आकडाही फार वेगळा नाही. फरक आहे तो बदल कुठून सुरू होतो यात. जाड थर गरम असतानाही पुरेसा ओलसर आहे, पेशींना पाय रोवता येईल इतका कोरडा तो होतच नाही.

यातली पॉलिमरची बाजू समजून घेण्यासारखी आहे. तळाचे पॉलिस्टायरीन स्वतःच पाण्याशी फटकून वागणारे. त्याला खेटून असलेल्या पीनिपॅमच्या साखळ्यांची हालचाल आखडलेली असते आणि शेजाऱ्याच्या संगतीने त्या पाणी जास्त टाकतात. तळापासून जसजसे वर जावे तसतशा साखळ्या मोकळ्या होतात, पाणी जास्त धरतात. थर १५ नॅनोमीटरचा असेल तर तळाचा प्रभाव वरपर्यंत पोचतो. २९ नॅनोमीटरचा असेल तर वरच्या साखळ्यांना तळाची खबरच नसते. म्हणजे पेशींना जे जाणवते तो नुसत्या पीनिपॅमचा गुणधर्म नव्हे. पीनिपॅम अधिक पॉलिस्टायरीन अधिक त्यांच्यातले अंतर, असा तिघांचा मिळून तो गुणधर्म आहे. काचेवर हाच थर द्यायचा असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. काच पाण्याला जवळची, त्यामुळे तिथे थर याहून बराच पातळ लागतो.

म्हणूनच ‘पीनिपॅमचे संक्रमण तापमान ३२ अंश’ हे वाक्य या प्रकरणात जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे मत. ते बाटलीतल्या पातळ द्रावणाचे वर्णन आहे. पृष्ठभागावर रोवलेल्या, एकमेकींत अडकलेल्या, तळाशी जखडलेल्या साखळ्यांना ते जसेच्या तसे लावले की पुढचे प्रयोग फसतात आणि दोष पेशींच्या माथी जातो. अनुकूलनशील पदार्थांवरच्या कितीतरी शोधनिबंधांत पदार्थाचा गुणधर्म कुपीत मोजलेला असतो आणि उपयोगाचा दावा मात्र पातळ थराचा केलेला असतो. या दोहोंमध्ये काय काय बदलले ते विचारणारे परीक्षक थोडे.

पेशीही काम करते

या तंत्राचे चित्र काढताना नेहमी साखळ्या फुगताना दाखवतात आणि वर पेशी अलगद उचलली गेलेली दाखवतात. म्हणजे पॉलिमर ढकलतो, पेशी ढकलली जाते. ते तसे असते तर तापमान जितके कमी तितके सुटणे लवकर व्हायला हवे होते, कारण थंडीत पीनिपॅम जास्त पाणी घेतो.

प्रत्यक्षात तसे झाले नाही. १९९५ मध्ये गटाने वेगवेगळ्या तापमानांना पेशी सोडवून पाहिल्या. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी सर्वांत चांगल्या २० अंशांना सुटल्या, यकृताच्या पेशी १० अंशांना. त्याखाली ४ अंशांपर्यंत गेल्यावर सुटणे मंदावले. मग त्यांनी पेशींची ऊर्जानिर्मिती सोडियम अझाइडने अडवली. पॉलिमर नेहमीसारखाच फुगला, पण पेशी जागच्या हलेनात. पुढे पेशीच्या आतल्या संदेशवहनातली टायरोसिन कायनेज ही विकरे रोखणारे औषध घालून पाहिले, तरी तेच.

अर्थ सरळ आहे. सुटण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला पॉलिमरचा: साखळ्या पाणी घेतात, पेशी आणि तळ यांच्यातली पकड सैल होते. या टप्प्याला पेशीची गरज नाही. दुसरा टप्पा पेशीचा. पसरलेली पेशी आतून ताणलेली असते. तिच्या सांगाड्यातले ॲक्टिनचे तंतू सतत आत ओढत असतात आणि तळाची पकड त्या ओढीला तोलून धरते. पकड सैल झाली की हा ताण पेशीला गोळा करतो. पण त्यासाठी आतली पुनर्रचना व्हावी लागते, आणि तिला ऊर्जा लागते. फार थंडीत पेशीचा चयापचय इतका मंदावतो की पॉलिमर तयार असूनही पेशी तयार नसते. २० आणि १० हे आकडे म्हणजे दोन घड्याळांची तडजोड आहे, एक पॉलिमरचे आणि एक पेशीचे. आणि पेशीचा प्रकार बदलला की दुसऱ्या घड्याळाची गती बदलते.

माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रयोग. अझाइडचा प्रयोग केला नसता तर सगळे श्रेय पॉलिमरला गेले असते, आणि नव्या प्रकारच्या पेशी सुटल्या नाहीत की माणसे अधिक फुगणारा पॉलिमर शोधत बसली असती.

पाणी कुठून येते हाही मुद्दा आहे. दाट पेशींच्या चादरीखाली पाणी फक्त कडेकडून शिरू शकते; खालचे प्लॅस्टिक पाणी झिरपू देत नाही. त्यामुळे मोठी चादर कडेपासून मध्याकडे हळूहळू सुटते. थर सच्छिद्र पडद्यावर दिला तर पाणी खालूनही येते. २० अंशांना साध्या बशीतून पूर्ण चादर सुटायला जिथे सुमारे ७५ मिनिटे लागत, तिथे सच्छिद्र पडद्यावर ३० मिनिटांत काम झाले. पॉलिमरमध्ये काहीही बदलले नव्हते.

सुटल्यावर

चादर सुटताना जवळून पाहिली तर आधी एखाद्या कडेला पांढरट रेघ दिसते. ती रेघ म्हणजे उचलली गेलेली, दुमडू लागलेली कड. ती आत सरकत जाते आणि इतका वेळ दिसतही नसलेला पारदर्शक थर एकदम डोळ्यांना दिसू लागतो, कारण तो आकसून जाड होतो. तळाच्या पकडीने तोलून धरलेला ताण आता पूर्ण मोकळा झालेला असतो. चादरीचे क्षेत्रफळ बघता बघता निम्म्याहून कमी होऊ शकते. चिमट्याने एका बाजूने उचलायला गेले तर ती स्वतःवरच चिकटते आणि मग उलगडत नाही. म्हणून सोडवण्याआधीच वरून एक आधाराचा पडदा ठेवतात, चादर त्याला वरच्या बाजूने धरते, आणि पडद्यासकट ती उचलून हव्या जागी ठेवतात. पडदा नंतर काढून घ्यायचा.

खालच्या बाजूला काय राहते, यावर पुढचे सगळे अवलंबून. पेशींनी स्वतः स्रवलेले फायब्रोनेक्टिन चादरीबरोबरच वर येते, बशीत मागे राहत नाही. तेच पुढे गोंदाचे काम करते. हृदयाच्या पेशींच्या दोन चादरी एकमेकींवर ठेवल्या तर पाऊण तासाच्या आसपास त्यांच्यात विद्युत जोडणी होते आणि दोन्ही एका ठेक्यात आकुंचन पावू लागतात. ट्रिप्सिनने सोडवलेल्या पेशींना ही जोडणी मुळापासून पुन्हा उभारावी लागते.

डोळा

पारपटलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, पृष्ठभागावरच्या पेशी सतत झडत असतात. त्यांची भरपाई करणाऱ्या मूळपेशी बुबुळाच्या कडेने, पांढरा भाग जिथे सुरू होतो तिथल्या वर्तुळात राहतात. रसायनाने भाजणे किंवा स्टीव्हन्स-जॉन्सनसारखे (त्वचा आणि ओली अस्तरे सोलवटणारे) आजार यांत हे वर्तुळच नष्ट होते. मग नेत्रश्लेष्मला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण, आणि रक्तवाहिन्या पारपटलावर चढून येतात, दृष्टी धूसर होते. अशा डोळ्याला नेत्रदानातले पारपटल बसवूनही उपयोग होत नाही, कारण त्याचा वरचा थर झडल्यावर नवा देणारे कुणी उरलेले नसते. एकच डोळा बिघडला असेल तर दुसऱ्या डोळ्यातून पेशी घेता येतात. दोन्ही बिघडले तर?

कोजी निशिदा, ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तोंडातून, गालाच्या आतल्या अस्तराचा ३ मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घेतला. त्या पेशी पीनिपॅमच्या थरावर दोन आठवडे वाढवल्या, तापमान उतरवून चादर सोडवली आणि व्रणाचे आवरण खरवडून काढलेल्या पारपटलावर ठेवली. टाके घातले नाहीत. निष्कर्ष २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले: चार रुग्ण, चौघांच्या डोळ्यांवर आठवडाभरात थर पूर्ण जमला, आणि सरासरी १४ महिन्यांच्या पाठपुराव्यात पारपटल स्वच्छ राहिले, चौघांचीही दृष्टी सुधारली.

चार रुग्ण म्हणजे फार नव्हेत. तरी हा प्रयोग पॉलिमरच्या बाजूने भक्कम आहे, कारण इथे मागणी आणि पदार्थाची देणगी एकमेकांना तंतोतंत जुळतात. हवी होती पेशींची काही थरांची पातळ, पारदर्शक चादर. पारपटलाला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून आणि अश्रूंतून मिळतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांची गरज नाही, उलट त्या नकोच आहेत. आधी गर्भवेष्टनाच्या पडद्यावर पेशी वाढवून त्या पडद्यासकट बसवत. तो पडदा मध्ये राहायचा. इथे पेशी आणि डोळा यांच्यामध्ये परके काहीच नाही. आणि चुकलेच तर समोर दिसते, काढता येते.

अन्ननलिकेतही असेच जमले. कर्करोगाची सुरुवात असलेला आतला थर दुर्बिणीतून सोलून काढल्यावर जखम भरताना नलिका आखडते आणि गिळणे अवघड होते. तिथे तोंडातल्याच पेशींची चादर दुर्बिणीतून लावली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ रुग्णांच्या मालिकेत आखडण्याची तक्रार एकालाच आली, ज्याची जखम नलिकेच्या पूर्ण घेराभोवती होती.

हृदय

हृदयाची गोष्ट वेगळी झाली, आणि ती इथे सांगितलीच पाहिजे, कारण पदार्थविज्ञानाच्या व्याख्यानांत बहुधा डोळ्यापाशी थांबतात.

ओसाका विद्यापीठातल्या योशिकी सावा यांच्या गटाने रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतल्या पेशींच्या चादरी करून निकामी होत चाललेल्या हृदयावर बसवायला सुरुवात केली. टेरुमो कंपनीचे ‘हार्टशीट’ हे उत्पादन त्यातून आले. जपानने २०१४ मध्ये अमलात आणलेल्या कायद्यात पेशी-उपचारांना सशर्त, मुदतबंद मान्यतेची सोय होती: सुरक्षितता दिसली आणि परिणामाची शक्यता दिसली तर आधी बाजारात या, पुरावा नंतर गोळा करा. सप्टेंबर २०१५ मध्ये हार्टशीटला तशी मान्यता मिळाली. आधार होता सात रुग्णांच्या चाचणीचा, तीही तुलनेसाठी समांतर गट नसलेली. पुढे जमवलेल्या माहितीतून परिणाम सिद्ध झाला नाही, आणि २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने कायमची मान्यता देणे योग्य नाही असा निष्कर्ष दिला.

इथे पॉलिमरने आपले काम चोख केले होते. चादरी सुटत होत्या, अखंड होत्या, हृदयाला चिकटत होत्या. पण मांडीच्या स्नायूच्या पेशी हृदयाच्या पेशींशी विद्युत जोडणी करत नाहीत. त्या ठेक्यात सामील होत नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षा होती ती वाढीला चालना देणारे रेणू स्रवण्याची, आणि तेही त्या जिवंत असेतोवर. असा परिणाम झाला तरी तो किती काळ, कुणाला आणि इतर औषधांच्या वर किती, हे समांतर गटाशिवाय कळायला मार्ग नव्हता. हा दोष मी पदार्थाचा मानत नाही, पुराव्याची वाट न पाहण्याचा मानतो. मात्र डोळ्यातल्या यशाचे वजन पदार्थाबरोबर हृदयापर्यंत वाहून आणले गेले, हेही खरे.

जाडीचा प्रश्न तर त्याहून आधीचा. हृदयपेशींच्या तीन चादरी, साधारण ८० मायक्रोमीटर, इतकी रास केली की खालच्या पेशींना ऑक्सिजन पुरेनासा होतो. तात्सुया शिमिझु आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उंदरांत यावर एक चिकाटीचा तोडगा काढला. तीन चादरींचा एक थर त्वचेखाली ठेवायचा, त्यात रक्तवाहिन्या शिरेपर्यंत थांबायचे, मग त्यावर पुढचा. दहा वेळा असे करून सुमारे १ मिलिमीटर जाडीची, ठोके देणारी ऊती मिळाली. माणसाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १० मिलिमीटरच्या आसपास असते, आणि रुग्णाचे शरीर पुन्हा पुन्हा उघडणे कुणालाच परवडणारे नाही.

त्यामुळे पुढचे काम रक्तवाहिन्या आधीच चादरीत गुंफण्याकडे वळले, आणि तिथे पॉलिमर पुन्हा कामाला आला. पीनिपॅमच्या साखळीत ब्युटिल मेथाक्रिलेट हा पाण्याशी फटकून वागणारा मोनोमर मिसळला की त्याचे संक्रमण तापमान खाली येते. एकाच बशीत शुद्ध पीनिपॅमचे आणि या मिश्रणाचे आलटून पालटून भाग केले तर २७ अंशांना फक्त मिश्रणाचे भाग चिकट असतात. तिथे यकृताच्या पेशी बसवायच्या. मग ३७ अंशांना उरलेले भागही चिकट होतात, तिथे रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी. शेवटी २० अंशांना दोन्ही मिळून एकच चादर सुटते, आखलेल्या नक्षीसकट. २०१३ पर्यंत गटाने अस्तरपेशी मिसळलेल्या हृदयपेशींच्या चादरी शरीराबाहेरच, रक्तवाहिन्या असलेल्या ऊतीच्या तुकड्यावर रचून, त्यांत तयार झालेल्या वाहिन्यांतून द्रव वाहता करून दाखवला. आता अडते ते त्या वाहिन्या शस्त्रक्रियेत जोडता येतील अशा बनवण्यापाशी आणि पुरेशा पेशी वेळेत वाढवण्यापाशी. तळाचा थर अजूनही १५-२० नॅनोमीटरचाच आहे.